कोकम जरा जास्त

सहाच्या आत पाच बागांत.
डॉक्टर भरुचांचा हिशोब साधा:
"एक फेरी म्हणजे अर्धी जिलबी, शालनताई. ठरवा."
मी ठरवलं. चार मारते.
डावा गुडघा पापडासारखा कुरकुरतो.
असू दे. या वयात अंगात काहीतरी
कुरकुरीत राहिलंय.

मग हिंदमाताच्या मागे, मिसळ.
कट वेगळा, पाव न भाजता, लिंबाची फोड दोनदा मागून.
पोऱ्या ओळखतो. विचारतो, "आज एकट्याच?"
एकटीच रे. तीस वर्षं एकटीच खातेय,
बँकेच्या डब्यापासून.
पण पूर्वी नुसती खायची.
हल्ली लक्षात ठेवून खाते.
मटकी किती शिजली, कटात खोबरं भाजलेलं की करपलेलं,
पहिल्या घासाला नाक गळलं की दुसऱ्या.
बिलाच्या पाठीवर लिहून घेते. तेलाचा डाग पडतो,
तोही ठेवते.

बाराला परळ. इस्पितळासमोरच्या फुटपाथवर वाढप.
बिहार, बंगाल, बीड, एकाच रांगेत,
हातात फाइली, फाइलीवर ताटली.
खिचडीचं मीठ चाखायचं काम माझ्याकडे,
खादाड बाई म्हणून एकमताने दिलेलं.
शुक्रवारी मी म्हटलं, हिंग कमी आहे.
नवा मुलगा हसला: "यांना काय कळतंय, ताई?"
त्याला मी दोन तास डाव धरायला लावला.
कळतं. भुकेला सगळ्यात आधी कळतं.

पातेली घासून झाली की कोपऱ्यावरच्या खानावळीत
बोंबील, तिसऱ्या, वाटीभर सोलकढी.
तिसऱ्या शिंपीसकट चोखते. आजूबाजूचे बघतात.
बघू देत. मी कामावर आहे.

चार वाजता चौथा मजला.
लिफ्ट नको, जिन्याने, ती पाचवी फेरी.
खाट एकोणीस, शांताराम चिंदरकर,
देवगडच्या खानावळीचा आचारी.
जबडा अर्धा नेला. नाकात नळी.
नळीतून जातं ते पांढरं, त्याला नाव नाही.
पहिल्या दिवशी मी धीराचं काहीबाही बोलत होते.
त्याने पाटी ओढली आणि लिहिलं:
काय जेवलात?

तेव्हापासून हे असं.
मी सांगते, तो डोळे मिटतो.
बोंबील म्हटलं की गळ्याची घाटी हलते.
घाई केली तर बोट वर करतो, थांबा,
आधी रवा की तांदळाचं पीठ?
आज सोलकढीवर आले तेव्हा म्हटलं, गुलाबी होती,
जरा जास्तच गुलाबी, जिभेला कडेने ओढणारी.
खडू करकरला:
कोकम जास्त. नारळ जून. दुसरं दूध काढलंच नाही, चोर.

हसलो. म्हणजे मी हसले,
त्याचे खांदे हलले.
सिस्टर लोबोने दारातून डोळे वटारले.

तो बरा होणार का, ते मला माहीत नाही.
विचारलेलं नाही. तोही सांगत नाही.
त्याची बायको उल्का खिडकीशी बसून वाती वळते
आणि एकदाच म्हणाली,
"घरी कधी माझ्या हातचं चांगलं म्हटलं नाही हो."
मी विचारलं, तुमच्या हातचं काय करता?
"तांदळाची पेज," म्हणाली, "त्यात मी काय सांगू?"
सांगा, म्हटलं.
तिने वाती बाजूला ठेवल्या.
जुना तांदूळ, म्हणाली, आणि थांबली.
मग मडकं, मग विस्तव, मग मीठ केव्हा.
बराच वेळ लागला.
चिंदरकरने बोट एकदाही वर केलं नाही.

निघताना पाटी बाहीने पुसली त्याने.
सोलकढी, तिसऱ्या, चोर,
सगळं खडूचं पीठ होऊन चादरीवर.
वर नवीन अक्षरं:
उद्या बांगडा. कल्ला उघडून बघा. लाल असेल तरच.

उद्या मंगळवार.
मंगळवारी मी मासे खात नाही,
चाळीस वर्षं.

बघू.
सकाळी एक फेरी जास्त मारीन.